लोअर आर्मचा बॉल जॉइंट घरी बदलता येईल का?

तुम्ही विचारलेले आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, वापर चिपळूण परिसरात आणि कुंभार्ली घाटाने कराडला जाण्यायेण्यासाठी. खड्ड्यातून जाताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना डाव्या पुढच्या चाकाकडून कटकट असा आवाज येतो. मेस्त्रींनी चाक हलवून बॉल जॉइंट गेल्याचे सांगितले आणि जुना जॉइंट ठोकून काढून त्याच लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून चॅसिसशी जोडणारा लोखंडी हात) बाजारातला नवा बसवून देण्याची तयारीही दाखवली. तुम्हाला मात्र हे काम आपल्या अंगणात स्वतः करायचे आहे. हाताशी गाडीबरोबर आलेला जॅक, सॉकेटचा संच आणि हातोडा आहे, आणि जॉइंट उचकटण्यासाठी मिळणारा फोर्क विकत घ्यावा का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर असे, की काम घरी होऊ शकते. पण नुसता जॉइंट न बदलता बॉल जॉइंटसह संपूर्ण लोअर आर्म बदलावा, फोर्क घेऊ नये आणि केवळ गाडीच्या जॅकवर या कामाला हात घालू नये. त्याआधी एक पायरी आहे, जी बहुतेक जण गाळतात. आवाज खरोखर बॉल जॉइंटचाच आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या, कारण याच कोपऱ्यातून असाच आवाज काढणारे आणखी निदान चार भाग आहेत.

आधी हा जॉइंट काय करतो ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. चाकाचा हब आणि ब्रेक ज्या जाड ओतीव भागावर बसतात त्याला आपण नकल म्हणतो. नकल वरच्या बाजूने शॉकअबला (शॉक अॅब्सॉर्बरला) बोल्टने घट्ट जोडलेले असते आणि खालच्या बाजूने लोअर आर्मला बॉल जॉइंटने. मांडीचे हाड जसे खुब्यात फिरते तसा पोलादी गोळा आपल्या वाटीत फिरतो, म्हणून चाक वरखालीही होते आणि डावी-उजवीकडेही वळते. वाटीत ग्रीस असते आणि वर रबराचा बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर येते, पाणी आणि धूळ आत जाते, आणि मग गोळा व वाटी एकमेकांना घासत झिजू लागतात. कोकणात जांभ्याची तांबडी माती पावसात चिखल होऊन नेमकी याच जागी बसते. त्यामुळे तिकडच्या गाड्यांचे फाटलेले बूट उघडले, की आत ग्रीसऐवजी तांबूस, वाळू मिसळलेला चिकट लगदा दिसतो. ही झीज हळूहळू वाढते, आणि शेवटी गोळा वाटीतून निसटतो. त्या क्षणी चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, गाडी त्या कोपऱ्यावर बसते, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणारा दांडा) गिअरबॉक्समधून बाहेर ओढला जाऊ शकतो आणि स्टिअरिंगवर ताबा राहत नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो, की तपासणीत जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर आर्म बदलेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर उभी करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, पुढचा डावा कोपरा उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा, म्हणजे चाक मोकळे लोंबेल. घड्याळात जिथे १२ आणि ६ असतात तिथे चाकाला वर आणि खाली हात घालून आळीपाळीने आत-बाहेर ढकला. प्ले जाणवला तर लगेच बॉल जॉइंटवर ठपका ठेवू नका, कारण व्हील बेअरिंग सैल असले तरी हातांना हाच अनुभव येतो. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तसेच पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमध्ये पकडली जाते, त्यामुळे हब आणि नकल एकजीव होतात आणि बेअरिंगचा प्ले दिसेनासा होतो. प्ले गेला तर बेअरिंग पाहा. राहिला तर दोष त्यापलीकडे, म्हणजे जॉइंट, बुश (आर्म चॅसिसला जोडतो तिथली रबरी गादी) किंवा शॉकअबच्या जोडणीत आहे. नंतर ३ आणि ९ च्या जागी हात घालून हलवा. तिथला प्ले बहुधा चाक वळवणाऱ्या भागांचा, म्हणजे टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग रॅकचा असतो.

यानंतरची तपासणी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. लोअर आर्म आणि नकल यांच्या मधल्या फटीत एक लांब पहार घाला आणि हलक्या हाताने वरखाली दाबा. पहारीने मोठा जोर लावला की चांगले रबरी बुशही दबतात आणि संपूर्ण आर्म हललेला दिसतो, म्हणून नजर आर्मच्या मागच्या टोकाकडे जाऊ देऊ नका. ती जॉइंटवरच ठेवा. दुसऱ्या हाताचे बोट रबरी बुटावर ठेवा. गोळ्याचा दांडा वाटीत वरखाली उडत असेल तर ती टिचकी बोटाला स्पष्ट कळते, आणि ती एकदा कळली की पुन्हा शंका राहत नाही. इतक्या तपासणीनंतरही जॉइंट घट्ट वाटत असेल, बूट अखंड असेल, तर आवाज दुसरीकडे शोधा. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत खडखड येत असेल तर मला पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या बारच्या) लिंक रॉडचा येतो. ब्रेक मारताना किंवा गाडी सुरू होऊन पुढे झेपावताना एकच जड ठोका बसत असेल तर आर्मचा मागचा बुश पाहावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज बॉनेटखालून येत असेल तर शॉकअबचा वरचा माउंट आणि त्याचे बेअरिंग पाहावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना सलग टकटक येत असेल, तर तो बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचा, आवाज असू शकतो. तुम्ही वळवताना येणारा आवाज लिहिला आहे, पण गाडी उभी असताना की चालताना हे लिहिलेले नाही, आणि या एका फरकावर निदान बदलू शकते.

इथे एक गोष्ट गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत पुढचे वजन स्प्रिंग आणि शॉकअबमार्फत पेलले जाते. खालचा बॉल जॉइंट चाकाला जागेवर धरून ठेवतो, वजन मुख्यतः त्याच्यावर नसते. त्यामुळे चाक लोंबते ठेवून प्ले कळतो. शिवाय स्प्रिंग शॉकअबच्या जोडणीतच बंदिस्त असल्यामुळे लोअर आर्म काढला तरी ती उडत नाही. म्हणूनच हे काम घरी करण्याजोगे ठरते. इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म असतात आणि वजन खालच्या आर्मवर येते. तिथे चाक नुसते लोंबते ठेवले तर स्प्रिंगच्या ताणामुळे झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावूनच तो तपासावा लागतो. अशा गाडीत जॉइंट सोडवताना आर्मला खालून आधार नसेल तर दाबलेल्या स्प्रिंगची ताकद एकदम मोकळी होते आणि जवळच्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. ज्यांची गाडी या प्रकारची आहे त्यांनी खालची पद्धत वाचून आपल्या गाडीवर वापरू नये.

आता मेस्त्रींच्या प्रस्तावाबद्दल. बॉल जॉइंट आर्मला जोडण्याच्या पद्धती गाडीगणिक वेगळ्या आहेत. काही गाड्यांत तो बोल्टने किंवा रिव्हेटने आर्मवर बसवलेला असतो आणि सुटा बदलणे हीच योग्य रीत असते. काहींमध्ये तो प्रेसने दाबून वरून सर्क्लिप (जागेवर अडकवणारी कडी) घातलेली असते, आणि प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये तो नीट बदलता येतो. स्विफ्टमध्ये मात्र कंपनीने आर्म आणि जॉइंट हा एकच भाग मानला आहे आणि जॉइंट खराब झाला तर संपूर्ण आर्म बदलण्याची सूचना आहे. बाजारात सुटे जॉइंट मिळतात हे खरे, पण ते बसवायला जुना ठोकून काढावा लागतो, त्यात आर्मचे भोक किंचित मोठे किंवा अंडाकृती होते, आणि नवा जॉइंट किती पकडीने बसला आहे हे बाहेरून कळत नाही. तो सुटू नये म्हणून काही जण वरून वेल्डिंगचे टिपके मारतात. त्या उष्णतेने आतली प्लॅस्टिकची वाटी आणि ग्रीस दोन्ही खराब होतात, म्हणजे बसवतानाच नवा जॉइंट निम्मा गेलेला असतो. तुमच्या मेस्त्रींचा हात चांगला असेलही, पण मी हे काम माझ्या गॅरेजमध्ये करत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. दुसरे असे, की तेरा सालच्या गाडीत आर्मचे रबरी बुशही बहुधा थकलेले असतात. नवा आर्म आला की तेही बदलले जातात आणि त्याच जागेची मजुरी पुन्हा पडत नाही.

आर्म घेताना डावा-उजवा आणि मॉडेलचे वर्ष नीट सांगा, शक्यतो चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, कारण हुबेहूब पाकिटातला नकली माल या भागात सर्रास मिळतो. पाकीट उघडल्यावर जॉइंटचा दांडा अंगठ्याने फिरवून पाहा. नवा जॉइंट जड पण एकसारखा फिरला पाहिजे. लुळा पडत असेल किंवा मध्ये अडकत असेल तर तिथेच परत करा. त्याच वेळी नकलवर जॉइंट पकडणारा बोल्ट, त्याचा नट आणि आर्मचे नट-बोल्ट नवे मागवा. यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला मापाचा बोल्ट चालत नाही, कारण त्याची ताकद वेगळी असते.

हत्यारांत तीन गोष्टींची भर घालावी लागेल: चांगल्या वजनक्षमतेच्या दोन घोड्या, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), आणि लांब दांड्याचा ब्रेकर बार. गाडीबरोबरचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. पहारीने जोर लावताना गाडी त्यावरून सरकू शकते. तुमचे अंगण मातीचे किंवा जांभ्याचे असेल तर घोडीच्या पायांखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी पत्रा ठेवा, नाहीतर पाय रुततात आणि घोडी कलते. जमीन उताराची असेल, तर हे काम तिथे करू नका. गाडी घोड्यांवर ठेवल्यावर खाली जाण्याआधी तिला बाजूने दोन-तीनदा ढकलून पाहा, आणि काढलेले चाक कडेला आडवे करून गाडीखाली सारून ठेवा.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टच्या आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज काढा आणि गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्या. विशेषतः नकलवरच्या बोल्टला हे आवश्यक आहे, कारण तोच या कामातला सगळ्यांत हट्टी बोल्ट असतो. सकाळी गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट किंचित सैल करा, मग दोन्ही पुढचे कोपरे उचलून दोन घोड्यांवर ठेवा. दोन्ही चाके लोंबती असली की स्टॅबिलायझर बारमध्ये पीळ राहत नाही आणि पुढचे काम सोपे होते.

तुमच्या गाडीत बॉल जॉइंटचा दांडा सरळ असतो. तो नकलच्या फट असलेल्या पकडीत खालून शिरतो आणि आडवा बोल्ट ती फट आवळून धरतो. दांड्याला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट केवळ सैल करून काही होत नाही, तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय दांडा सुटणारच नाही. फोर्कची गरज का नाही, तेही इथेच कळेल. फोर्क किंवा पुलर लागतो तो निमुळत्या दांड्याच्या जॉइंटला, जो नकलच्या निमुळत्या भोकात रुतून बसतो. तुमच्याकडे तसा प्रकार लोअर जॉइंटला नाही. बोल्ट सोडवताना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, गंज तुटल्याचा एक छोटा कडक आवाज येईल, मग सोडवा. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. घाईने सलग ओढला तर बोल्टचे डोके तुटते, आणि मग नकलमध्ये ड्रिल करण्याचे काम घरी होत नाही. तसे झालेच तर तिथे थांबा, गाडी टो करून गॅरेजला न्या.

बोल्ट बाहेर आला की फटीत जाड पेचकस किंवा छिन्नी अलगद बसवून फट अगदी थोडी रुंदावा. नकल ओतीव आहे. जोरात छिन्नी ठोकली तर त्याला तडा जातो आणि तो तडा मळाखाली दिसतही नाही. मग आर्मवर पहार टाकून तो सरळ खाली दाबा, म्हणजे दांडा निसटेल. निसटला की नकल बाहेरच्या बाजूला झुकते, आणि इथे बेसावध राहू नका. नकल फार बाहेर गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट त्याच्या जागेतून निघू शकतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि एबीएस असेल तर सेन्सरची वायर तुटते. दांडा सुटण्याआधीच नकलला तारेने किंवा पट्ट्याने शॉकअबला बांधून ठेवा. बांधायला एक मिनिट लागते.

आर्म आता केवळ चॅसिसकडच्या बुशांच्या बोल्टवर राहिला. कोणता बोल्ट कुठून निघाला याचा काढण्याआधी फोटो घ्या, कारण लांबी आणि दिशा वेगळी असू शकते. जुना आर्म निघाल्यावर तो नव्याशेजारी ठेवून आकार, बुशांची जागा आणि जॉइंटची उंची जुळते का ते पाहा. जुन्या जॉइंटचा दांडाही एकदा हाताने हलवून बघा, म्हणजे निदान बरोबर होते का याची खात्री होईल.

बसवताना नकलचे भोक आतून कापडाने पुसून कोरडे करा, गंजाचे पापुद्रे काढा. आधी आर्मचे बुशांकडचे बोल्ट हाताने घालून केवळ टेकवून ठेवा, आवळू नका. मग दांडा भोकात पूर्ण वर सरकवा आणि आडवा बोल्ट हातानेच घाला. तो हाताने सहज गेला तर खाच बरोबर समोर आली आहे. अडत असेल तर दांडा पूर्ण बसलेला नाही. अशा वेळी बोल्टवर हातोडा मारला तर त्याच्या आट्या दांड्यावर घासून जातात आणि पकड कायमची कच्ची राहते. बोल्ट बसला की तो टॉर्क रेंचने आवळा. टॉर्कचा आकडा मॉडेल आणि वर्षाप्रमाणे बदलतो, म्हणून तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

आता बुशांचे बोल्ट. घरी केलेल्या कामात सगळ्यांत जास्त चूक इथे होते, आणि तिचा परिणाम लगेच दिसत नाही. रबरी बुशाची आतली नळी बोल्टने चॅसिसला घट्ट होते आणि बाहेरची आर्मबरोबर हलते. मधले रबर पिळून परत येते. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत स्थिर होते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेले राहते. असा नवा बुश लवकर फाटतो, आणि काही महिन्यांत तोच ठोका परत ऐकू आला की लोक आर्मला दोष देतात. म्हणून चाक बसवा, गाडी खाली उतरवा, पुढचा भाग हाताने दोन-चारदा दाबून सोडा आणि मग बुशांचे बोल्ट अखेरच्या टॉर्कला आवळा. खाली हात पोचत नसेल तर चाके लाकडाच्या रुंद, मजबूत ठोकळ्यांवर टेकवता येतात. गाडीचे वजन चाकांवर असणे एवढीच अट आहे. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पेंटच्या पेनने एक रेघ ओढा, म्हणजे बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडी जमिनीवर असतानाच शेवटचे आवळा.

पहिली फेरी घराजवळच, कमी वेगात, खिडक्या उघड्या ठेवून घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, एक-दोन स्पीडब्रेकर पार करा, ब्रेक मारून पाहा. परत येऊन पेंटच्या रेघा तपासा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. घाटात जाण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या. आर्म बदलला की चाकाची खालची जागा किंचित बदलते, आणि टो (वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे) बिघडला तर टायरची आतली किंवा बाहेरची कड काही आठवड्यांतच खाल्ली जाते.

उजवा आर्मही आत्ताच बदलावा का, हे उजव्या बाजूच्या तपासणीवर ठरवा. बूट अखंड असेल, पहारीने टिचकी जाणवत नसेल आणि बुशाला चिरा नसतील तर तो राहू द्या आणि पावसाळा संपला की पुन्हा पाहा. बूट फाटलेला असेल, मात्र प्ले अजून नसेल, तरीही बदला. फाटक्या बुटात सिरिंजने ग्रीस भरण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्याने आवाज काही दिवस दबतो, पण आत गेलेली माती तिथेच राहते आणि झीज चालूच राहते. त्याच दिवशी दोन्ही बाजू केल्या तर अलाइनमेंटही एकदाच करावी लागेल.